पदकाच्या काठावरील नाव

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख लिहून द्यावा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम संकोचले. गडकोटांवर अधिकाराने लिहिणाऱ्या, जुनी मोडी कागदपत्रे वाचणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. माझ्याजवळचा इतिहास बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतो. गेली चाळीस वर्षे मी युद्धात मिळालेली लष्करी पदके जमवीत आले आहे. खरे पदक कोणते आणि बनावट कोणते, हे मी कशी शिकले तेवढेच मला सांगता येईल. परंतु आपल्या सातारा जिल्ह्यात ज्या घरातून कोणीच पलटणीत गेले नाही असे घर शोधावेच लागेल. तेव्हा माझा अनुभव वाचून एखाद्या भगिनीच्या ट्रंकेतील पदक वाचले, तर लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

मी १९७० साली या घरात सून म्हणून आले तेव्हा आमच्या आजेसासूबाई हयात होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझे आजेसासरे, पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर १९१४ च्या अखेरीस मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये उतरली. आपल्याकडे जुनी माणसे त्या मोहिमेला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणत. बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठाने फौज वर सरकत गेली आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफन येथे तुर्कांशी तिची मोठी लढाई झाली. त्या एका लढाईत डिव्हिजनचे चार हजारांहून अधिक लोक मारले गेले अथवा जखमी झाले. उरलेली फौज मागे हटून कुट या गावी आली, तेथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. आमचे आजेसासरे कुटपर्यंत पोचलेच नाहीत. टेसिफनलाच ते पडले. त्यांना अग्नी मिळाला की माती, हे घरी कोणालाही कधी कळले नाही. पाठीमागे अठरा वर्षांची पत्नी आणि दीड वर्षाचा मुलगा होता.

युद्ध संपल्यावर काही वर्षांनी टपालाने तीन पदके आली. पहिला, १९१४-१५ चा तारा. हा ब्राँझचा असतो. त्याला चार टोके, दोन तलवारी एकमेकींवर तिरप्या, वरती मुकुट. दुसरे ‘ब्रिटिश वॉर मेडल’. हे चांदीचे. एका बाजूस पाचव्या जॉर्जचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला उघडा वीर, घोड्याच्या टापांखाली शत्रूची गरुडाची ढाल. तिसरे ‘व्हिक्टरी मेडल’, ब्राँझचे, वर पंख पसरलेली विजयदेवता, आणि फीत इंद्रधनुष्यासारखी. घरात या तिन्हींना मिळून ‘बिल्ले’ म्हणत.

आजेसासूबाईंना अक्षरओळख नव्हती. दर खंडेनवमीला त्या बिल्ले पाटावर मांडीत, हळदकुंकू वाहत आणि मग मला जवळ बसवून म्हणत, “वाच ग, काठाला काय लिहिलंय ते.” मी इंग्रजी वाचू शकत होते म्हणून हे काम माझ्याकडे आले. चांदीच्या पदकाच्या काठावर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली होती. आजेसासऱ्यांचे नाव मोठ्याने उच्चारताना मला अवघड वाटे. त्या मात्र डोळे मिटून ऐकत. स्वतः त्यांनी लग्नातला उखाणा सोडला तर जन्मात नवऱ्याचे नाव घेतले नव्हते. वाचून झाले की काठावरून अंगठ्याचे नख हलकेच फिरवीत आणि पदके पुन्हा फडक्यात बांधीत. एका वर्षी मी नव्या सुनेच्या उत्साहाने चिंच आणि रांगोळी घेऊन चांदीचे पदक लखलखीत करावयास बसले. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतले. “घासू नको पोरी, नाव झिजंल,” एवढेच त्या म्हणाल्या. पदकांच्या शास्त्रातील पहिला धडा मला त्यांनी दिला, आणि तो शिकण्यास मला फार उशीर लागला.

त्या १९७४ साली वारल्या. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदीचे भाव अकस्मात भडकले. विलायतेत तर लोकांनी हीच चांदीची पदके ढिगांनी मुशीत घातली, असे पुढे माझ्या वाचनात आले. आमच्या घरी त्याच वर्षी वन्संचे लग्न होते आणि पैशांची ओढ होती. ते पदक मी स्वतः पदराला बांधून सराफाकडे नेले. त्याने फीत कातरून बाजूस टाकली, पदक काट्यावर घातले. पावणेतीन तोळ्यांच्या आसपास भरले. पैसे मोजून घेऊन मी घरी आले. कोणी मला दोष दिला नाही. परंतु त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर दोनच पदके मांडली, तेव्हा माझा हात थांबला. दुसऱ्या दिवशी सराफाकडे धावले. ती मोड केव्हाच पुढच्या व्यापाऱ्याकडे गेली होती. पदक वितळले की कोणी हौशी माणसाने उचलले, ते त्याला सांगता येईना. ‘कोणी उचलले असेल’ एवढ्या आशेवर मी शोध सुरू केला, आणि त्यातून संग्राहक झाले.

शोधता शोधता जे शिकले ते आता क्रमाने सांगते.

प्रथम चुंबक घ्यावे. चांदी, ब्राँझ आणि तांबे-निकेलची मिश्रधातू, यांपैकी कशालाही ते चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे असे समजावे. मग माप घ्यावे. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल या दोहोंचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. खऱ्या पदकावरून साचा करून ओतलेले पदक निवताना आकसते, म्हणून किंचित लहान भरते. शिवाय छापाचे पदक पोलादी ठशांनी दाबलेले असते; त्यावरील केस, बोटे, घोड्याची आयाळ रेखीव दिसते. ओतीव नकलेवर हेच भाग साबण विरघळल्यासारखे मऊ दिसतात आणि भिंगाखाली बारीक छिद्रेही आढळतात.

फितीची परीक्षा अंधारात करावी. नोटा तपासण्यासाठी दुकानदार जो निळा दिवा ठेवतात, त्याखाली फीत धरावी. अलीकडच्या धाग्यांना शुभ्रता येण्यासाठी जी द्रव्ये लावतात ती या प्रकाशात चकाकतात. जुना सुती किंवा रेशमी धागा मंद राहतो. मात्र फीत नवी म्हणून पदक खोटे ठरवू नये. फिती विरतात आणि घरची माणसे त्या बदलतात.

यानंतर काठ पाहावा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचे नाव असतेच. गोल पदकांच्या काठावर आणि ताऱ्याच्या पाठीवर. ही अक्षरे ठशाने ठोकलेली असतात. सराफाच्या भिंगातून पाहिले तर ठोकलेल्या अक्षराचा तळ सपाट दिसतो. हाताने कोरलेल्या अक्षराची रेघ नांगराच्या तासासारखी तळाशी निमुळती होते. त्याआधीच्या लढायांच्या पुष्कळ पदकांवर कोरलेली नावेही खरी असतात. तेव्हा कोणत्या युद्धाचे पदक हातात आहे, हे आधी ठरवावे. हिंदी पलटणींच्या पदकांवरील अक्षरांची ढब गोऱ्या पलटणींच्या पदकांहून निराळी असते. म्हणून तुलना हिंदी पदकाशीच करावी.

पलटणीचे नाव काळाशी जुळते की नाही, हेही पाहावे. १९२२ साली लष्कराची फेररचना झाली आणि जुन्या मराठा पलटणी ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या एका नावाखाली आल्या. आमच्या आजेसासऱ्यांची ११० वी तिची तिसरी पलटण झाली. तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या पदकावर १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे जुने आकडे हवेत. त्यावर ‘५ वी मराठा’ दिसली, की लबाडी झाली हे निश्चित. तसेच, ज्याला १९१४-१५ चा तारा मिळाला त्याला उरलेली दोन पदकेही मिळत. तारा एकटाच सापडला तर जोडीदार कोठे गेले, हे विचारावे. ब्रिटिश वॉर मेडल मात्र एकटेही देत असत. ब्राँझचे वॉर मेडल दिसले तर ते खोटे म्हणून टाकू नये. हिंदी, चिनी आणि माल्टाच्या मजूर तुकड्यांसाठी अशी सुमारे १ लाख १० हजार पदके काढली होती. ओझी वाहणारालाही त्यावर नाव होते.

आता माझ्या फजितीची हकीकत. जुन्या वस्तूंच्या चार-पाच दुकानदारांना मी एक चिठ्ठी देऊन ठेवली होती. तीवर आजेसासऱ्यांचा क्रमांक, नाव व पलटण इंग्रजीत लिहिली होती. पंधरा वर्षे काही झाले नाही. मग एका दुकानदाराचा निरोप आला, “ताई, तुमचं नशीब थोर. माल सापडला.” मी गेले. चांदीचे वॉर मेडल, काठावर तोच क्रमांक, तेच नाव, ११० वी मराठा. त्याने मागितले ते दाम मी दिले. एस. टी. मध्ये सबंध वाट मी ते मुठीत धरून बसले होते.

घरी आल्यावर उरलेली दोन पदके काढली आणि तिन्ही शेजारी ठेवून काठ वाचला. ताऱ्यावर आणि व्हिक्टरी मेडलवर पलटणीच्या इंग्रजी कारकुनाने आमच्या आडनावाचे स्पेलिंग चुकविले आहे. एक अक्षर गाळले आहे. नव्या पदकावर आडनाव बिनचूक होते. माझ्या चिठ्ठीत मी जसे लिहिले होते अगदी तसे. माझी चिठ्ठीच त्या माणसाचा नमुना झाली होती.

तरीही मनाची समजूत पटेना. आमचा भाचा लेथवर काम करतो. त्याच्या कारखान्यातून व्हर्निअर कॅलिपर आणविला. एका बाजूने मोजले तर ३६ मिलिमीटर. तेच पदक फिरवीत नाव होते त्या जागी मोजले, तर माप कमी भरले. तेथे काठ कानशीने घासून सपाट केला होता. अक्षरे भिंगाखाली पाहिली, तर ठोकलेली नव्हती, कोरलेली होती. भगिनींनो, ही परीक्षा विसरू नका. पदक पाच-सहा दिशांनी मोजावे. कोठे भरले नाही, तर तेथे कोणाची तरी कानस फिरली आहे.

मी रागाने पदक परत करावयास निघाले. जाण्यापूर्वी पुन्हा एकदा भिंग लावले. घासलेल्या भागाच्या टोकाशी कानस ओझरती फिरली होती. तेथे एका जुन्या आकड्याची अर्धी रेघ शिल्लक होती आणि तिच्या पुढे आणखी एका अक्षराचा पाय. तेव्हा माझ्या ध्यानी आले, की पदक खोटे नव्हतेच. चांदी खरी, ठसा खरा, वजन खरे. ते कोणा दुसऱ्या शिपायाचे पदक होते. कोण्या दुसऱ्या घरी ते टपालाने आले असेल, तेथेही कोणी त्यावर हळदकुंकू वाहिले असेल. त्याचे नाव खरवडून काढून तेथे आमच्या माणसाचे नाव घातले होते, आणि ते माझ्या मागणीसाठी घातले होते. ते परत दिले असते तर आणखी कोणाच्या चिठ्ठीवरून तिसरे नाव त्यावर चढले असते. मी ते ठेवून घेतले. खंडेनवमीला ते वेगळ्या वाटीत मांडते.

नावाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर बसऱ्यास आहे. मेसोपोटेमियात पडलेले आणि ज्यांचे थडगे ठाऊक नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचे तेथे स्मारक आहे. ते १९२९ साली उभारले आणि १९९७ साली इराक सरकारने मूळ जागेवरून सुमारे ३२ किलोमीटर दूर हलविले. गोऱ्या सैनिकांची नावे त्याच्या शिळांवर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या लिहिली. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथील स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. बसऱ्याला ते भाग्य लाभले नाही. युद्धातील मृतांची स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ साली अहवाल काढून असा भेदभाव झाल्याचे मान्य केले व क्षमा मागितली. आज पुष्कळ शिपायांची नावे आयोगाच्या संगणकावरील यादीत शोधता येतात. तेथे पदकावरील क्रमांक आणि पलटण यांचा फार उपयोग होतो. परंतु ज्या दगडावर नाव असावयाचे तो कोराच राहिला. आमच्या माणसाचे नाव धातूवर उमटले ते तीनच ठिकाणी, आणि त्यांतील एक मी काट्यावर घातले.

दुसऱ्या महायुद्धाची पदके आपल्यापैकी अनेकींच्या घरी असतील. त्यांबद्दल थोडे सांगते. या युद्धाचे तारे सहा टोकांचे असून मध्ये सहाव्या जॉर्जची आद्याक्षरे असतात. कोणता तारा ते त्यावरच लिहिलेले असते: बर्मा, आफ्रिका, इटली इत्यादी. वॉर मेडलवर सिंह दोन तोंडांच्या राक्षसी सर्पावर उभा आहे आणि ‘इंडिया सर्व्हिस मेडल’वर हिंदुस्थानचा नकाशा आहे. ब्रिटिश सरकारने आपल्या सैनिकांना ही पदके नाव न घालता दिली. हिंदी सैन्याने मात्र नावे घातली. म्हणून विलायतेच्या पुस्तकातील नियम आपल्या पदकांना जसेच्या तसे लावू नयेत. तेथे ज्या नावाचा संशय घेतात, तेच नाव येथे खरेपणाची साक्ष असते.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रतिकृती बाजारात उघडपणे मिळतात. कोणी फार मोठी किंमत सांगू लागला तर भुलू नये. खऱ्या क्रॉसच्या पाठीवर मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख आणि वरच्या पट्टीच्या मागे वीराचे नाव कोरलेले असते. मराठा पलटणीला दुसऱ्या महायुद्धात हा मान दोनदा मिळाला, दोन्ही वेळा इटलीत: माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर, आणि नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल. घाडगे तिसऱ्या पलटणीचे; म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांच्याच जुन्या ११० व्या पलटणीचे.

शेवटी चार व्यावहारिक गोष्टी. पदक घासू नये. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपावी, तेवढे पुरे. काठावरील मजकूर चुकीच्या स्पेलिंगसह जसाच्या तसा वहीत उतरवून ठेवावा आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. तो मजकूर कोणा दुकानदाराच्या हाती देऊ नये. मी दिला, त्याचे फळ सांगितलेच आहे. आणि विकण्याची पाळी आलीच तर मोडीत घालू नये. पलटणीच्या बेळगाव येथील केंद्रास किंवा निदान जाणत्या संग्राहकास आधी विचारावे.

एक विनंती करून लेख पुरा करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सगळ्याजणी हौसेने नावे घेतो. येत्या संक्रांतीला ज्यांच्या घरी अशी पदके आहेत त्यांनी ती मंडळात आणावीत. भिंग मी आणीन. ज्यांना काठावरील अक्षरे लागत नसतील त्यांना मी वाचून दाखवीन, आणि प्रत्येक नाव एकदा मोठ्याने घेऊ. आमच्या आजेसासऱ्यांचे नाव मी या लेखात लिहिलेले नाही. आजेसासूबाईंनी जे तोंडाने घेतले नाही ते छापण्यास माझा हात धजत नाही. ते मी त्या दिवशी वाचीन.